पांढरी सकाळी, गुलाबी संध्याकाळी

तीर्थरूप ताई,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (पत्रातच घालते आहे, कारण प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दुसरं माणूस लागेल. तरी तू दिलेल्या डबीतल्या गोळ्यांनी गुडघे आता बरेच ऐकतात. पोटात जरा जळजळतं, पण या वयात काहीतरी व्हायचंच.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून रागावू नकोस. फोनवर तू सगळ्याला "हो हो" म्हणतेस आणि ठेवल्यावर भावोजींना विचारतेस, काय म्हणत होती हो ती. तुझे जावई इकडे कामाला आलेत, संध्याकाळी परत निघतील, त्यांच्याच हाती हे देते. आज माझं मन थाऱ्यावर नाही, तेव्हा लिहिण्यात इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घे.

आमच्या ह्यांचं तुला माहीतच आहे. जन्म गेला दुकानांच्या पाट्या रंगवण्यात. हात असा की शिडीवर उभं राहून ओळ ओढतील तर पट्टी लावल्यासारखी. पण रंगाच्या बाबतीत माणूस देवाचंही ऐकणार नाही. घराला रंग काढला तेव्हा चार पांढऱ्यांतला कुठला पांढरा यावरून आमचा अबोला झाला होता, आणि खरं सांगू का, मला ते चारही सारखेच दिसत होते. रंग वेगळा म्हणजे डबा वेगळा, डबा वेगळा म्हणजे वस्तू वेगळी, हा ह्यांचा धर्म. मी तेव्हा हसले होते. आता हसू येत नाही.

रक्तदाबाची गोळी चालू आहे हे तुला लिहिलं होतं. पांढरी, रोज सकाळी एक. ती घेऊन माणूस ठणठणीत होता. मग मध्यंतरी हे स्वतः दुकानात गेले (मी पाठवलं नव्हतं, हे नोंदवून ठेव) आणि गुलाबी गोळ्या घेऊन आले. त्यानंतर काही दिवसांनी मला दिसायला लागलं की खुर्चीतून उठताना हे कपाटाला हात लावतात. विचारलं तर म्हणे कपाटाचं दार नीट लागत नाही. मग सकाळी बूट घालून उठले आणि तसेच परत बसले. विचारलं तर म्हणे बूट चावतो. ताई, बूट पायाला चावतो, डोळे मिटून भिंतीला टेकायला लावत नाही. एक दिवस मी जेवणाचा डबा द्यायला कामावर गेले तर हे शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, कपाळ वरच्या पायरीला टेकवून उभे. मला बघताच ब्रश हलवायला लागले. ब्रशला रंगच नव्हता.

मी गोळ्यांच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद काढला आणि भिंग घेऊन बसले. त्यात या औषधाने काय काय होऊ शकतं ते सगळं दिलेलं असतं. चक्कर, डोकेदुखी, घोट्याला सूज, थकवा, उदास वाटणं. वाचता वाचता मला ते सगळं व्हायला लागलं, आणि मी तर ती गोळी घेतही नाही. शेजारीण साखर मागायला आली तर मी आधी तिचे घोटे बघितले. ह्यांना कागद दाखवला तर बघायलाच तयार नाहीत. म्हणे इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय ते कुणी वाचावं म्हणून लिहिलेलंच नाही. (पाटीवाल्याशी लग्न केलं की अशी उत्तरं मिळतात.) दुकानात जाऊन विचारू या म्हटलं तर त्याला तर त्याहून ठाम नकार. मागे रांग उभी असताना प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला अक्कल नाही हे चारचौघांत सांगणं.

आज सकाळी हे कापडाच्या नव्या दुकानाची पाटी रंगवायला गेले. पाटी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. जाऊ नका म्हटलं, ऐकलं नाही. मग मी ह्यांच्या खणात सापडतील तेवढ्या गोळ्या पिशवीत कोंबल्या आणि औषधांच्या दुकानात गेले. रांग होती. माझी पाळी आल्यावर मी सगळ्यांदेखत पिशवी काउंटरवर उलटी केली. अक्कल गेली तर जाऊ दे, नवरा राहू दे.

दुकानातल्या बाईंनी पांढरी पट्टी आणि गुलाबी पट्टी शेजारी शेजारी ठेवली, उलट्या केल्या, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. विचारलं, या दोन्ही एकच माणूस घेतो का? मी म्हटलं, हो, पांढरी सकाळी, गुलाबी संध्याकाळी. त्यांनी मला दोन्ही पट्ट्यांवरच्या मोठ्या नावाखालचं बारीक नाव दाखवलं. तेच. औषध एकच, कंपन्या दोन. पांढरी संपली होती म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीची दिली होती आणि सांगायलाही लागल्या होत्या, पण हे "माहीत आहे, माहीत आहे" म्हणत पायरी उतरून गेलेसुद्धा. घरी पांढऱ्या थोड्या उरल्या होत्या. रंग वेगळा, म्हणजे औषध वेगळं. झालं. माणूस रोज दुप्पट औषध घेत होता. बाई म्हणाल्या, रक्तदाब खूप उतरत असेल, उठताना, चढताना चक्कर येणारच. आत्ता कुठे आहेत? मी म्हटलं, शिडीवर.

त्या म्हणाल्या, ओरडू नका, दचकवू नका, सावकाश खाली उतरवा, बसवा आणि डॉक्टरांना फोन लावा. मी त्या रस्त्याने कशी गेले ते माझे गुडघे जाणोत. वर बघितलं तर हे पाटीच्या टोकाशी, एक हात हवेत. हाक मारायची नाही, आणि मारली तरी हे काम अर्धं टाकून उतरणारे नव्हेत. चहाला उतरत नाहीत, पाहुण्यांना उतरत नाहीत, माझ्यासाठी काय उतरतील? मग मी खाली ठेवलेला लाल रंगातला ब्रश उचलला आणि पिवळ्या रंगाच्या उघड्या डब्यावर धरला. काही बोलले नाही. थोड्या वेळाने ह्यांची नजर खाली आली.

ताई, इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "हात लावू नकोस." मी म्हटलं, "सावकाश उतरलात तर नाही लावणार." हे घाईने एक पायरी उतरले की मी ब्रश खाली न्यायची, हे थांबले की वर. मधे एकदा ह्यांनी डोळे मिटले आणि शिडीला मिठी मारली. तेव्हा मला ब्रश हातात धरवेना, पण सोडला असता तर पिवळ्यातच पडला असता. शेवटी पाय जमिनीला लागले आणि हे माझ्याशी भांडायला तोंड उघडून तिथेच खाली बसले. मी शेजारी बसले आणि रडले. कापडवाले मालक पाणी घेऊन आले, त्यांना वाटलं रंग चुकला.

डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब पाताळात गेला होता, आता वर येतोय. आजची संध्याकाळची गोळी नाही, उद्या पुन्हा दाखवायचं आणि ते सांगतील तीच एक घ्यायची. घरी निजल्यानिजल्या दोन्ही पट्ट्या डोळ्यांपुढे धरून हे म्हणाले, "म्हणजे दुकान एकच, पाट्या दोन." मी म्हटलं, हो बाबा, तसंच.

काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माणसाने विचारावं गं, लाज कसली.

तुझीच,
धाकटी

ता. क. पाटी अर्धीच राहिली आहे. सध्या त्या दुकानावर नुसतं "काप" लिहिलेलं आहे आणि मालक कुणाला तोंड दाखवत नाहीत.

ता. क. दुसरा. काउंटरवर पिशवी उलटी केली तेव्हाच औषधवाल्या बाईंनी विचारलं होतं, तुम्ही स्वतः काही घेता का? मी नाही म्हटलं. बहिणीने मायेने दिलेली गोळी म्हणजे काय औषध असतं का, असं मनात आलं. हे मी ह्यांना सहज सांगितलं, तर ह्यांनी तुझी डबी मागितली, गोळ्या खिडकीपाशी ताटलीत ओतल्या आणि बोटाने दोन ढीग केले. म्हणाले, "ही सायीसारखी पांढरी आहे, ही चुन्यासारखी. दोन जाती आहेत." ताई, मला तर सगळ्या पांढऱ्याच दिसत होत्या. मी हाताला येईल ती घेत होते. तू त्यात काय काय भरलं आहेस? कुठल्या पट्ट्यांतून काढल्या होत्यास? आज मी घेतलेली नाही आणि आत्ता डबी घेऊन त्या बाईंकडे निघाले आहे, जळजळीचंही सांगते, पण बिननावाच्या गोळीचं त्याही काय सांगणार. तूही त्यातल्याच घेत असलीस तर सगळ्या पिशवीत घालून तुझ्या औषधवाल्याकडे ने. आणि मला फोन कर. "हो हो" नको, नावं सांग.

ता. क. तिसरा. हे म्हणतात, कामाची गोष्ट मी त्या कागदासारखी शेवटी बारीक अक्षरात लिहिते. म्हणून ह्यांनी उशीला टेकून बसून पाकिटावरच लाल रंगात "डबीतल्या गोळ्यांची नावं आधी कळवा, मग पत्र वाचा" असं रंगवलं आहे. तू ते वाचून आधीच फोन केला असशील, तर मी हे सगळं उगाचच लिहिलं. तसंच झालेलं असू दे.