नानांचा हात

१३ ऑक्टो. २००२, रवि.
आजही फुकट. नाशिकरोडच्या रेल्वे आवारातलं वाफेचं इंजिन दिवाळीनंतर हलवणार म्हणे, कुठे ते कुणालाच माहीत नाही. नानांनी ते मनमाड-दौंड चालवलेलं, म्हणून त्यांना त्याच्यासोबत फोटो हवा. तोही साधा नको, आजोबांच्या लाकडी कॅमेऱ्यातला, काचेवरचा. वडिलांचा हट्ट आणि डोक्याला ताप माझ्या. काचेवर औषध ओता, ओली असतानाच फोटो घ्या, ओली असतानाच धुवा. या उन्हात काळ्या तंबूतून कॅमेऱ्यापर्यंत नेईतो ती सुकते. सगळ्या काचा वाया.

१५ ऑक्टो., दसरा
औषधाने बोटं काळी ती काळीच. सोनं देताना जाऊबाई म्हणाल्या, "मेंदी बिघडली का गं?"
आवारात गेले तर वॉचमनने पूजेसाठी इंजिनाला लाल रंग फासलेला. "ताई, फोटूत लय उठून दिसंल." या काचेवर लाल काळंच येतं. पेढा खाऊन परत.

२० ऑक्टो., रवि.
सकाळी लवकर गेलो. काच ओली राहिली. नाना टोपी घालून इंजिनाशी उभे. मी मोजेपर्यंत हलायचं नाही, दहादा बजावलेलं. मोजणं निम्म्यावर आलं आणि शेजारच्या रुळावर कांद्याची मालगाडी. हॉर्न वाजला, नानांचा हात वर. जाणाऱ्या गाडीला हात दाखवायचा, सगळं ठीक आहे म्हणून. जन्माची सवय. दुसरी काच लावली तर पॅसेंजर आली. पुन्हा हात. काचेवर नाना आहेत, खांद्यापुढे हललेल्या हाताचा नुसता धूर.
"नाना, रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला?"
"त्या ड्रायव्हरला काय ठावं, मी रिटायर हाय?"
मी ओरडले. चारचौघांत, नको तेवढं. रिक्षात ते टोपी काढून बाहेरच बघत बसले.

२७ ऑक्टो., रवि.
आली. काचेवर इंजिनाचा खिळा न् खिळा दिसतोय. नाना ताठ, दोन्ही हात खाली. तंबूत एकटीच हसले. मग लक्षात आलं, मोजताना गाडी गेली होती. चांगला लांब हॉर्न देऊन.
बाहेर येऊन विचारलं, "नाना, गाडीला हात नाही दाखवला?"
"कोणती गाडी?"
वॉचमन माझ्याकडे बघायला लागला.
खरंच ऐकू आली नाही? की मी ओरडले म्हणून... चेहऱ्यावरून काही कळेना. घरी हे म्हणाले, कानाच्या डॉक्टरला दाखव. दाखवीन. पण कान ठणठणीत निघाले तर? तेही सोसणार नाही मला.
सगळे म्हणतात फोटो झकास. माझ्याने बघवत नाही.
दिवाळीआधी अजून एक रविवार आहे. परत नेते नानांना. हलू नका असं या वेळी सांगणार नाही.