खळ्यावरचा लाल चौकोन

जालना,
२० ऑक्टोबर १९९४

चि. मच्छिंद्रास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. रमावहिनींची कंबर कशी आहे? मिठाच्या पुरचुंडीने शेकायला सांग.

पंधरा वर्षांपूर्वी आबांच्या शेतातला वाटा सोडताना, हक्कसोडीच्या कागदावर माझा हात अडला होता. तेव्हा तू म्हणालास, "ताई, बिनघोर कर सही. खळं तुझंच हाय, कधी बी येऊन बस." मी सही केली. आईने हिरवं लुगडं नेसवलं. सगळ्याच बहिणी करतात. मला वाईट वाटलं नव्हतं. निदान मी तसं समजत होते.

दसऱ्याला तू सोनं द्यायला आलास आणि टेकायच्या आधीच सुरू झालास. "शेताचे प्लॉट पाडले, नगरपालिकेला विकास शुल्क बराबर भरलं. त्यातून समाजमंदिर बांधा की, कोण न्हाई म्हणतं? पण मी नाल्याकडचा कोपरा दाखवला होता. कोणीतरी रस्त्यावरचं खळंच धरलं. कोण वैरी हाय, हुडकून राह्यलो."

मी चहात दोनदा साखर घातली. तू पिऊन म्हणालास, "चालतंय, सणाचा चहा हाय."

मच्छिंद्र, ते मी केलं.

नगरपालिकेतले आमचे साहेब समाजमंदिराची जागा पाहायला निघाले तेव्हा टेप धरायला नकाशा विभागातून मला नेलं. माझं आडनाव सासरचं. तू माझा भाऊ, हे त्यांना माहीत नाही. मीही बोलले नाही. नाल्याकडे घोटाभर पाणी होतं. ते म्हणाले, "मग बाई, कुठं बरं पडेल?" माझं बोट नकाशातल्या खळ्यावर गेलं. त्यांनी तिथेच लाल पेन्सिलीने चौकोन काढला.

तुझ्याकडून प्लॉट घेतलेली गोजरबाई शेजारीच उभी होती. म्हणाली, "नातीचं बारसं उन्हात, सासऱ्याची तेरवी बी उन्हात. आमच्या म्हाताऱ्याला मेल्यावर बी सावली न्हाई घावली." सगळे हसले.

बोट गोजरबाईसाठी गेलं, असं मी स्वतःला रोज सांगते. पण त्या दिवशी घरी येताना मला ती आठवत नव्हती. समाजमंदिर झालं की तिथे कोणाला न विचारता जाऊन बसता येईल, एवढंच मनात होतं. इतकी वर्षं खळ्यावर तू मला कधी अडवलं नाहीस, आणि मीही कधी आले नाही. मग हे लोकांचं काम झालं, की सोडलेला वाटा मी लोकांच्या आडून परत घेतला? खरंच कळत नाही. कोपरा वाईट होता, हे खरं. तुला न सांगता केलं, हेही खरं.

खळ्याच्या जागेबद्दल तू नगरपालिकेत घेतलेल्या हरकतीवर भाऊबीजेनंतरच्या सोमवारी सुनावणी आहे. हे पत्र तिथे ठेवलंस तर जागा बदलेल, बहुतेक माझी नोकरीही जाईल. ठेवू नकोस, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

हरकत मागे घे, एवढंच मागते. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. पण ते पत्राने कळवू नकोस. भाऊबीजेला ये, पाटावर बस, आणि मी ओवाळून झाल्यावर तोंडावर म्हण.

पाट मांडून ठेवणारी,
तुझी नंदाताई