बाहुलीच्या घराचा ओटा

सापगाव,
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

प्रिय ताई,
जय भीम.

काल दुपारी सुजूने बाहुलीला घरात न घेता ओट्यावरच बसवून ठेवलं, त्या घटकेला माझं सगळं फिरलं. रात्री मी ताटावरून उठलो तो तुझ्या बोलण्यामुळे, असं तुला वाटत असेल. तुझ्यावर चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? पण खरं कारण तोंडाने सांगता येईना. तुम्ही तिघं शहापूरला लग्नाला गेलात, मी डोकं दुखतंय म्हणालो. डोकं काही दुखत नाहीये. लिहायला घर रिकामं हवं होतं.

आधी तुझ्याशी भांडण. तू म्हणालीस, "त्या घराचं काय ते उद्याच्या उद्या कर, नायतर मी चुलीत घालीन. आईचा जन्म दुसऱ्यांची अंगनं सारवन्यात गेला. मी शिकले, मास्तरीन झाले, आनि माझ्या पोरीच्या हातात तू लाटनं देतोस?" चांगलं बोलतेस, वर्गातही असंच बोलत असशील. पण लाटणं मी दिलंय का? दोन खोल्या, एक खिडकी, कौलांसारखं रंगवलेलं छप्पर, पुढे ओटा, एवढंच दिलं. धाऊ मिस्त्रीच्या कारखान्यातले प्लायवूडचे उरलेले तुकडे मागून आणले, एक महिना जेवणाच्या सुट्टीत बसून कापले. पाच वर्षांच्या पोरीला घर खेळावंसं वाटलं तर त्यात काय बिघडलं? पाटी काय पळून जाते? आणि भावजी त्यावर हसतात, "मेव्हन्यानं बंगला बांधला, ऱ्हायला मात्र आमच्याकडंच!" हसा म्हणावं.

सुजूनेच त्या घराच्या भिंतीला पोस्टाचं तिकीट चिकटवलंय, बाबासाहेबांचं. पाकिटावरचं भिजवून काढलं, फाटू दिलं नाही. आपल्या घरात फोटो जिथे आहे, बरोब्बर त्याच भिंतीला. तू ते पाहिलंस तरी का? तुला फक्त न दिलेलं लाटणं दिसलं.

असो. आता खरं.

ते घर मी सुजूसाठी बांधलेलं नाही. म्हणजे दिलं तिला, पण नकाशा तिचा नव्हता. कॉलेजात माधुरी होती, माळशेजच्या वाटेवरच्या वैशाखरे गावची. आपल्यातली नाही. अर्थशास्त्राच्या वहीत मागच्या पानावर तिने ते घर काढलं होतं. दोन खोल्या, निळी खिडकी आणि पुढे ओटा. मी म्हणालो, ओटा कशाला गो? तर म्हणे, "संध्याकालची तुजी वाट बगायला." गेल्या वर्षी घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं, मुरबाडचं एक स्थळ बघून ठेवलंय. मग मीही कॉलेजला गेलो नाही. तुला सांगितलं की प्राध्यापकाशी वाजलं. कुठल्याच प्राध्यापकाशी वाजलं नव्हतं. तू माझ्या परीक्षेच्या फॉर्मसाठी दोनदा रजा टाकलीस, मी तुला दोन्ही वेळा फसवलं. वही माझ्याकडे राहिली. त्यावरून घर कापलं. मग कापलेलं ठेवायचं कुठे, म्हणून भाचीच्या पुढ्यात ठेवलं. असा मी मामा.

अजून सांगायचंच आहे. तेही लिहितो.

गेल्या महिन्यात मी सुजूला माळशेज दाखवायला नेलं, आठवतंय? माळशेजला गेलोच नाही. वैशाखऱ्याला उतरलो. मला वाटलं, सोबत लहान पोर असलं की कोणी काही म्हणायचं नाही, कॉलेजातला ओळखीचा जाता जाता डोकावला असं दिसेल. पोरीचा आडोसा केला मी. ओट्यावर माधुरीची आजी होती, गुणाबाई. "कुनाचा रं तू?" मी गाव सांगितलं. "आडनाव काय?" तेही सांगितलं. मग तिने सुपातलं निवडणं थांबवलं नाही, मान तेवढी खाली घातली आणि म्हणाली, "हितंच बसा. माधुरे, पानी आन."

माधुरी आली. आतल्या फळीवर स्टीलचे पेले ओळीने लावलेले मला दारातून दिसत होते. ती तांब्या घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. सुजूपुढे वाकली आणि म्हणाली, "ओंजल धर, बाला." वरून धार सोडली. सुजू हसली, ताई. तिला वाटलं खेळ आहे. फ्रॉक भिजवून घेतला तिने.

आणि मग मीही ओंजळ धरली.

शिवी दिली नाही, उठलो नाही, तांब्या भिरकावला नाही. गल्लीत जरा कोणाचा धक्का लागला की अंगावर जाणारा मी, तिथे खाली वाकून प्यायलो, ती वाढतेय म्हणून! परत येताना सुजूला गोळ्या घेऊन दिल्या आणि म्हणालो, मम्मीला सांगायचं नाय हां. तिने नाही सांगितलं. शहाणी आहे पोर.

पण काल एक बाहुली आत ठेवून ती ओट्यावरच्या दुसरीला म्हणत होती, "तुमी हितंच बसा हां. पानी वरून."

मी विचारलं, "आतली कोन गो?"

"माधुरी."

"आनि ही भायेरची?"

"ही मी," म्हणाली. आणि बाहुलीचे दोन्ही हात जुळवायला लागली. प्लास्टिकचे हात, जुळेनात. मला म्हणते, "मामा, हिची ओंजल करून दे ना."

आता बोल, घर पोरीच्या कामाचं का नाही? तू म्हणतेस फुकटचं खेळणं. अगं, ते नसतं तर तिच्या पोटात काय गेलंय ते तुला मला कधी कळलं असतं? म्हणून सांगतो, चुलीत घालू नको. घर ठेव. फक्त ओटा मी करवतीने कापून टाकलाय. उंबराही तासला. आता दारात आलं की माणूस सरळ आत. आत एक छोटी फळी ठोकून पेनाच्या टोपणांचे दोन पेले तिच्यावर ठेवलेत. तू आज तिच्याजवळ जमिनीवर बस, मास्तरीण म्हणून नको. भायेरची बाहुली आत घे. पेल्याने पाणी दे. आणि तिला सांग, ते पाणी प्यायला नको होतं, चूक मामाची होती, तुझी नव्हे. हे मला तिच्या तोंडावर सांगता आलं नाही.

मी मुरबाडची गाडी धरतोय, तिथून वैशाखरे. वही घेतलीय, ती देऊन टाकणार. आणि गुणाबाईसमोर माधुरीकडे पाणी मागणार, फळीवरच्या पेल्यात. दिलं नाही तर तहानलेला परत फिरेन, पण हात पुढे करणार नाही. भावजींना मागे पाठवू नकोस. मारामारी करायला जात नाहीये. झालीच तर झाली.

किल्ली शेजारी भागी मावशीकडे ठेवतो. पत्र बाहुलीच्या घराच्या छपरावर ठेवलंय, म्हणजे आधी तिकडे बघशील. त्याचं छोटं दार सताड उघडं आहे, तसंच राहू दे. आपलं मी बाहेरून ओढून घेतो.

ओंजळ धरलेला, पुन्हा न धरणारा,
तुझा महेंद्र