तीन दांडे

हादो, जेजू बेट
१२ नोव्हेंबर

चि. यॉन्जू,

आशीर्वाद. माझा खोकला गेला. संत्री काढायला आली आहेत. तू पाठवलेलं कुलूप मंगळवारी दारावर बसलं.

बसवणाऱ्याने आधी माझं बोट मागितलं. सगळी बोटं लावून झाली, यंत्र एकही घेईना. "आजी, तुमच्या बोटांना रेषाच उरल्या नाहीत," तो म्हणाला. जन्मभर बुड्या मारून समुद्राच्या तळाशी शिंपले खरवडण्यात गेल्या असतील. शेजारची ओकसून तिथे बसली होतीच. म्हणाली, "बरं झालं. आता खुशाल चोऱ्या कर, पकडणार कोण तुला?"

मग त्याने आकडे विचारले. मी तुझी जन्मतारीख सांगितली. "ती नको. चोर आधी तीच दाबून बघतो." म्हणून दुसरे ठेवले. ते पत्रात लिहीत नाही.

तू म्हणतेस, फाटकात अडकवलेले तीन दांडे म्हणजे काही कुलूप नव्हे. खरं आहे. एक दांडा असला की मी जवळपास आहे, ओकसून माझी वाट बघत बसते. दोन असले की मी संध्याकाळी येते. तिन्ही असले की मी गावाला गेलेली, मग ती कोंबड्यांना दाणे घालते. एकही नसला की मी घरात. चोरालाही हे सगळं कळतं. तुझं कुलूप कुणालाच काही कळू देत नाही.

ओकसूनच्या नातीच्या लग्नाला सोलला आले होते, तेव्हा तुझ्याकडे येऊन गेले. सांगायचं राहिलं. तुझ्या दाराचे जुने आकडे दाबले. कुलूप ओरडलं. पुन्हा दाबले. आत नळ वाहत होता, तो बंद झाला. दाराच्या भिंगातून तू पाहिलंस की नाही, माहीत नाही. मी जिन्याकडे तोंड करून उभी राहिले. पेजेचा डबा दाराशी ठेवला. तो परत पाठवायची घाई नाही.

आकडे बदललेस ते बरोबर केलंस. एकट्या बाईने बदलावेतच.

हे लिहायचं नव्हतं. लिफ्टमध्ये तुझ्या शेजारणीने सांगितलं, जावईबापू सामान घेऊन गेले म्हणून. मी काही विचारत नाही. तूही सांगू नकोस. जेवायला ये.

नवं कुलूप चांगलं आहे, रात्री लावते. पण फाटकातले तिन्ही दांडे काढून भिंतीशी ठेवलेत. ओकसून ओरडली, "अगं, कोंबड्या जातील रस्त्यावर."

"जातील," मी म्हटलं. "आणि येतील."

घरातच आहे,
आई