कोंडाण्याचे लेणे पाहिले

चि. हिरामणास ताईचे आशीर्वाद.

दाखवीन म्हणायचास ते कोंडाण्याचे लेणे अखेर पाहिले. प्लेगमुळे गाव सोडून आम्ही इथेच राहिलो आहोत. वर दगडात जोडपी नाचताना कोरली आहेत. सासूबाई म्हणाल्या, “इतकी वर्सं नाचतायत, पाय दुखत नायत का गं यांचं?”

काल सासूबाईंच्या काखेत गाठ आली. बाकीचे लोक निघून गेले. मला त्यांना टाकून जाववत नाही.

माझ्या लेकीला, जयवंताला, शेजारच्या अंबाबाईंबरोबर खाली कोंडिवड्यास धाडले आहे. पोरीच्या अंगावर कुठे गाठ नाही, मी नीट पाहिले. तिला तिथूनच घेऊन जा. वर येऊ नकोस, माझी शपथ आहे.

तुझ्या आनंदीचा खोकला थांबला का?

यंदा भाऊबीजेला जयवंताकडून ओवाळून घे. भाची मामाला ओवाळीत नाही, हे मला ठाऊक आहे.

तुझी ताई