नऊ शतांशांची फट

प्रिय दादा,

तुझं जहाज रविवारच्या आत पुढच्या बंदराला लागेल तेव्हा हे पाकीट तुझ्या हातात पडेल, असं तुमच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. फोन करता आला असता, दर रविवारी करतोच आपण. पण तू नुसतं "बोल" म्हणालास की माझ्या तोंडून तेच बाहेर पडतं जे गेल्या तीन रविवारी पडलं. म्हणून कागद घेतला. सकाळचे दहा वाजलेत. मी वर्कशॉपमधल्या काचेच्या केबिनमध्ये बसले आहे आणि बाहेर एकही मशीन चालू नाही.

आधी बाबांची खुशाली. जेवण बरं आहे, झोपही बरी लागते. तू बजावलंस त्याप्रमाणे त्यांना इथे येऊ देत नाही. शटरची किल्ली त्यांच्या खिशातून मी काढून घेतली, तेव्हा दोन दिवस त्यांनी घर पालथं घातलं, गाद्या उचलून पाहिल्या आणि शेवटी हळूच माझ्याचजवळ आले. म्हणाले, किल्ली हरवली हे धाकटीला सांगू नकोस, ती उगाच जिवाला लावून घेते. त्या दिवशी मी त्यांची बहीण होते. रोज सकाळी आठला कामाचे कपडे घालून दाराशेजारच्या खुर्चीत बसतात. साडेअकराला मी कपडे बदलायला लावते, तेव्हा निमूट बदलतात. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंना तू पाहिलेलं नाहीस, त्या तू गेल्यावर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, दवाखाना संपवून थेट इकडे यायच्या आणि स्टूल ओढून इंजिनच्या ब्लॉकसमोर बसायच्या. घाटरस्त्यावरच्या शर्यती करतात, एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात तसल्या. एकदा मी सिलिंडर मोजत असताना म्हणाल्या, तुमचं काम माझ्यासारखंच आहे, फक्त माझी भोकं ओरडतात. बाबा त्यावर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. डॉक्टरीणबाईंना टर्बोचं, म्हणजे जादा हवा दाबून भरणारं, इंजिन हवं होतं, आणि दुसरीकडे कुठे न जाता आपल्याकडे आल्या, कारण कुणीतरी सांगितलं होतं की इथल्या म्हाताऱ्याचा हात देवाचा आहे.

पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये किती फट ठेवायची, यावर मी तीन दिवस घालवले. तुला फोन केला होता, आठवत असेल. साध्या ओतीव पिस्टनला मिलिमीटरचे पाच शतांश पुरतात, बाबांची सगळी हयात त्या पाचात गेली. हे पिस्टन मात्र ठोकून घडवलेले, दाब सोसणारे, आणि तापले की जास्त फुगणारे. बनवणाऱ्याच्या कागदावर सात लिहिलं होतं, पण ते रोजच्या वापरासाठी. टर्बो म्हणजे वर आणखी भट्टी. फट जास्त झाली तर थंड इंजिन खडखडतं, तेल पितं, रिंगा लवकर जातात. कमी झाली तर पिस्टन फुगून भिंतीला चिकटतो आणि मग बोलायला काही उरत नाही. तू म्हणालास, खडखडाट ऐकू येतो, चिकटणं ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो, नऊ ठेव. मी नऊ ठरवलं. फळ्यावर मोठ्ठा नऊ लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेवलं की सकाळी चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं डब्यात खडे हलवल्यासारखं वाजेल, घाबरायचं नाही.

बाबांना तो नऊ मुळीच आवडला नाही. फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, एवढी फट ठेवून मी आयुष्यात इंजिन बाहेर सोडलेलं नाही, लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याच्या हाताला कंप सुटला. मी त्यांना कागद वाचून दाखवला. लहानपणी त्यांनीच आपल्याला गार पिस्टन मोजायला लावून मग उकळत्या पाण्यात टाकून परत मोजायला लावला होता, त्याची आठवण करून दिली. तेव्हा पटलं त्यांना. मान डोलावली, नऊ म्हणाले, बरं, नऊ. शेवटचं होनिंग नेहमीप्रमाणे तेच करणार होते. दगड फिरवून भिंत शतांशा-शतांशाने उघडायची, मध्ये मोजायचं, परत फिरवायचं. त्यांचं वाचन गेलं, माणसांची नावं गेली, पण त्या मशीनसमोर उभे राहिले की पाठ ताठ व्हायची. ते काम मी त्यांच्याकडून कसं काढून घेणार होते?

पुढचं तुला ठाऊक आहे. त्यांनी होनिंग केलं, नऊ झाले म्हणाले, मी जोडणी केली. पाचच ठेवले होते. हातांनी जे चाळीस वर्षं केलं तेच हातांनी केलं. नऊ कुठेतरी वाटेत सांडले.

इंजिन चालू केलं तेव्हा ते खडखडलं नाही. गार गार सकाळ होती, आणि ते पहिल्या क्षणापासून मांजरासारखं गुरगुरत राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही मला उगाच घाबरवलंत. बाबा दोन्ही हात मागे बांधून ऐकत होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्याने दृष्ट काढावी. मी डॉक्टरीणबाईंना इतकंच सांगितलं की नवं इंजिन रुळेपर्यंत टर्बोचा दाब कमी ठेवा. पहिल्या दोन चढाया त्यांनी तशाच केल्या. तिसऱ्या चढाईला मात्र घड्याळ लागलेलं होतं, आणि शर्यतीत दाब कमी ठेवायला कोण कशाला गाडी बांधतं.

मी वरच्या वळणावर कठड्याला टेकून उभी होते. गाडी खालून येताना आवाज आधी आला, भरलेला, गोल. मग तो कापल्यासारखा थांबला. धूर नाही, स्फोट नाही. मागची चाकं जागच्या जागी आवळली गेली, गाडी आडवी झाली आणि दगडी भिंतीला जाऊन लागली. मी धावत पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई शुद्धीवर होत्या. उजवा हात स्टिअरिंग आणि दरवाजा यांच्यात सापडला होता आणि त्या अगदी शांतपणे मला सांगत होत्या की मनगटाखाली काही जाणवत नाहीये.

आठवड्याने मी इंजिन उघडलं. दुसरा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला चिकटून बसलेला, अंगावर उभे ओरखडे. डॉक्टरीणबाई गळ्यात हात अडकवून आल्या, त्याच स्टुलावर बसल्या. मी उरलेले तीन सिलिंडर त्यांच्यासमोर मोजले. पाच, पाच, पाच. त्यांनी वाकून काटा पाहिला. मग विचारलं, "जोडायच्या आधी मोजलं होतं का?" आवाज चढलेला नव्हता. पेशंटला कुठे दुखतं विचारावं तसा होता. मी म्हणाले, "बाबांनी मोजलं होतं." त्यांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला आणि तुलाही मी तेच सांगितलं. तू चिडलास. तुझं चिडणं मला कळतं. एकदा बाबांचं काम परत मोजलंस म्हणून ते महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते, आणि त्यानंतरच तू जहाज धरलंस. तू म्हणालास, बघ, त्यांना मोजू दिलं नसतं तर निदान कुणाचा हात गेला नसता. मी हो म्हणाले.

चार दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दुसरं ऑपरेशन झालं. बोटं हलतात, पण बारीक वस्तू धरवत नाही. आरसा धरता येतो, दातावर चालवायचं हत्यार धरता येत नाही. दवाखाना एका तरुण डॉक्टरकडे सोपवणार म्हणाल्या.  वर त्याच मला समजावू लागल्या. त्यांची आई अशीच विसरत विसरत गेली होती. म्हणाल्या, तुमच्या बाबांना यातलं काही बोलू नका, त्या माणसाचा काय दोष.

दादा, मी मोजलं होतं. बाबांनी हात पुसत "झाले नऊ" म्हटलं आणि ते कपडे बदलायला गेले, तेव्हा मी मोजायचा गेज चौथ्या सिलिंडरमध्ये सोडला. काटा नऊसाठी लावलेल्या शून्यावर यायला हवा होता, चार घरं अलीकडे, म्हणजे पाचावर थांबला. चारही सिलिंडरमध्ये तसाच. इतकं एकसारखं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं, फक्त आकडा भलताच होता. अर्ध्या तासाचं काम होतं, मशीन अजून गरम होतं. तेवढ्यात ते मागून आले आणि माझ्या नावाने हाक मारली. माझ्या खऱ्या नावाने, सात महिन्यांनी. विचारलं, "जमलं का गं मला?" मी गेज पाठीमागे घेतला आणि हो म्हणाले. उद्या ते घरी असताना करू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते घरी थांबेनात, ब्लॉकजवळून हलेनात, पिस्टन स्वतः पुसून एकेक माझ्या हातात देऊ लागले. मी घेत गेले. कमी दाबावर निभेल, असं मनाशी म्हणत गेले. सकाळच्या त्या गुरगुरण्यात सगळे खूश होते आणि त्याचा अर्थ फक्त मला कळत होता.

फोननंतर मी बाबांसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तासाभराने विचारलं, डॉक्टरीणबाईंचं इंजिन कसं चाललंय? दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी रडले. काटा दिसत होता तर तोंड का उघडलं नाहीस, म्हणून माझा दंड धरून हलवलं. जेवून उठले आणि परत तोच प्रश्न. मी सांगेन तेव्हा प्रत्येक वेळी त्यांना ते नव्यानेच कळणार, आणि कळलेलं त्यांच्याजवळ राहणार नाही. रागावणं नाही, माफ करणं नाही. तेव्हा मी सांगायचं बंद केलं. आता म्हणते, छान चाललंय.

आज दुपारी डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे. हे सगळं त्यांच्यासमोर बसून सांगणार आहे. त्या काय म्हणतील ते म्हणोत, हात तर परत देता येत नाही. तुला लिहिलं ते मात्र वेगळ्यासाठी. तीन रविवार तू बाबांना फोन देऊ नकोस म्हणतोस. बेल वाजली की ते खुर्चीतून उठून माझ्यासमोर हात पुढे करतात, आणि मी सांगते, रेंज गेली. मागच्या रविवारी हात पुढे करून त्यांनी विचारलं, कुणाचा फोन आहे? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि खुर्चीत जाऊन बसले. माझ्यावर जेवढं रागवायचंय तेवढं रागव, दादा, आयुष्यभर रागव. पण या रविवारी फोन त्यांना द्यायला सांग. पुढच्या रविवारचं मला काही सांगता येत नाही.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
धाकटी