तांबडी पाटी

मंगळवार, तेर गाव

सुमनकाकूंच्या पोरीचं नाव नर्सिंग प्रवेशाच्या यादीत नाही. अर्जाची मुदतही संपली. माझ्या सेवा केंद्रात तिचा अर्ज भरताना नव्या ब्राउझरनं तांबडी पाटी दाखवली होती: ही साइट बनावट असू शकते. पण तसलीच पाटी तो खऱ्या सरकारी साइटलाही दाखवतो! म्हणून नेहमीसारखं जुन्या ब्राउझरमध्ये उघडलं. तो कशालाच अडवत नाही. अर्ज भलत्याच कुणाकडं गेला, आधार कार्डासकट. ती तांबडी पाटी नीट वाचली असती तर? पण रोज रोज बघून मी ती वाचतच नाही, नुसती बंद करते. काकूंना आज सगळं सांगितलं. त्या खुर्चीवरून हलल्याच नाहीत. म्हणाल्या, “मग यादी त्या जुन्यात बघ की बाई, त्यात समदं उघडतंय न्हवं?”